हाताची घडी, चुकवलेली नजर आणि कोरा चेहरा: देहबोली किती वाचावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ऑफिसने देहबोलीचं शिबिर घेतलं. तिथे सांगितलं की संवादाचा ९३ टक्के भाग शब्दांवाचून होतो, हाताची घडी म्हणजे नकार, नजर चुकवली म्हणजे माणूस खोटं बोलतोय. तुम्ही ते घरी नि ऑफिसात लावून बघितलं आणि वादच वाढले. बायको म्हणाली, "माझ्याकडे पोलिसासारखं बघत जाऊ नकोस." जाता जाता वडिलांबद्दलही लिहिलंय: वय ६८, हल्ली चेहऱ्यावर काही भाव नसतात, सतत रागावल्यासारखे दिसतात, विचारलं तर "कुठे काय" म्हणतात. मग देहबोली खरंच वाचता येते का?

मी तालुक्याच्या गावात जनरल प्रॅक्टिस करतो. मानसशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. पण पेशंट तोंडाने एक सांगतो आणि त्याचं अंग दुसरंच सांगतं, हे ओपीडीत रोज बघावं लागतं, त्या अनुभवावरून लिहितो. वडिलांचं शेवटी घेतो. तो भाग घाईत वाचू नका.

आधी ते ९३ टक्के. हा आकडा अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ सालच्या दोन छोट्या प्रयोगांतून आला. ते लॉस अँजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. एका प्रयोगात एकेक सुटा शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवला. दुसऱ्यात 'कदाचित' अशा अर्थाचा एकच शब्द, सोबत चेहऱ्यांचे फोटो. ऐकणाऱ्याने एवढंच सांगायचं की बोलणाऱ्याला समोरचा माणूस आवडतो की नाही. त्यातून शब्द ७, सूर ३८ आणि चेहरा ५५ टक्के असं सूत्र निघालं. हे फक्त भावना आणि आवडनिवड व्यक्त करण्यापुरतं आहे, सगळ्या बोलण्याला लावू नका, असं मेहराबियन यांनीच पुढे स्पष्ट केलं. पण शिबिरवाल्यांना ते कुठे परवडतंय? "अर्धी गोळी, जेवणानंतर, पाच दिवस" हे मी सांगतो तेव्हा निम्म्याहून जास्त अर्थ माझ्या चेहऱ्यात असता, तर डोस किती घ्यायचा ते पेशंटने माझ्या भुवया बघून ठरवलं असतं.

तरी त्या प्रयोगात एक गोष्ट पक्की आहे. शब्द आणि सूर एकमेकांच्या विरोधात गेले की माणूस सुरावर विश्वास ठेवतो. "असू दे", "बरं", "तुम्ही म्हणाल तसं" हे शब्द मराठी घरात किती सुरांत येतात ते तुम्हाला मी काय सांगू. त्यासाठी शिबिराची गरज नाही.

आता अंग कुठे खरं बोलतं ते सांगतो. दुखण्याच्या बाबतीत ते फार सरळ बोलतं. मुतखड्याची कळ आलेला पेशंट एका जागी थांबत नाही. बाकावर बसतो, उठतो, कमरेवर हात ठेवून व्हरांड्यात येरझाऱ्या घालतो, खाली उकिडवा बसतो. अपेंडिक्स फुटून पोटात पू पसरलेला माणूस याच्या अगदी उलट. तो पाय पोटाशी घेऊन निपचित पडून राहतो. हलला की दुखतं, खोकला की दुखतं. त्याला रिक्षातून आणलं असेल तर वाटेतला प्रत्येक स्पीडब्रेकर तो मोजून सांगतो. दोघेही म्हणतात "पोटात फार दुखतंय." शब्द तेच. पण एकाला वेदनाशामक इंजेक्शन देऊन सोनोग्राफीला पाठवता येतं, दुसऱ्याला ताबडतोब सर्जनकडे न्यावं लागतं.

छातीचंही तसंच. हृदयाचं दुखणं असलेले काही पेशंट "कुठे दुखतं" विचारल्यावर छातीच्या मध्यावर मूठ आवळून धरतात. बोस्टनचे हृदयरोगतज्ज्ञ सॅम्युएल लेव्हाइन यांच्या नावाने ही खूण ओळखली जाते. एका बोटाने नेमकी जागा दाखवून "इथे टोचतंय" म्हणणाऱ्याचं दुखणं बऱ्याचदा बरगडीचं, स्नायूचं निघतं. बऱ्याचदा म्हटलं, नेहमी नाही. मूठ न धरताही हार्ट अटॅक येतो. मधुमेह असलेल्यांत आणि बायकांमध्ये तर कधी कधी नुसता दम लागतो, घाम फुटतो, मळमळतं. म्हणून मूठ दिसली की मी ईसीजी काढतो, आणि मूठ दिसली नाही तरी शंका आली की काढतो. खुणेचं वजन तेवढंच धरायचं.

लहान मुलांबाबत ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ जॉन ॲप्ली यांचा एक जुना ठोकताळा आहे. वारंवार पोट दुखणारं मूल बोट बेंबीवर ठेवत असेल तर बहुतेक वेळा आत मोठं काही नसतं; बोट बेंबीपासून जितकं लांब, तितकं जास्त तपासायचं. शाळेच्या दिवशी सकाळी बेंबीवर ठेवलेलं बोट ओळखायला आयांना अर्थात ॲप्ली लागत नाहीत.

पोट तपासताना आम्हाला शिकवलेलं असतं की हात पोटावर, नजर चेहऱ्यावर. दाबल्यावर डोळ्याच्या कडेला जी बारीक आठी पडते ती "नाही हो, काही नाही दुखत" म्हणणाऱ्या पुरुषाच्या चेहऱ्यावरही पडते. गावाकडच्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांत ही खोड भारी. दुखतं म्हणणं त्यांना कमीपणाचं वाटतं. अशा वेळी मी तोंडाकडे बघतो, बोलण्याकडे नाही.

इथे एक विषयांतर करतो. नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार सांगितलेत: आंगिक (अंगाच्या हालचालींचा), वाचिक (बोलण्याचा), आहार्य (वेशभूषेचा) आणि सात्त्विक (आतून आपोआप उमटणारा). सात्त्विकात आठ भाव येतात: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. म्हणजे जागच्या जागी थिजणं, घाम, काटा येणं, आवाज फुटणं, कंप, रंग उडणं, आसवं आणि शुद्ध हरपणं. ही यादी मी कुणा डॉक्टरला नाव न सांगता दाखवली तर तो म्हणेल, यात बरीचशी स्वायत्त मज्जासंस्थेची, म्हणजे आपल्या इच्छेवाचून चालणाऱ्या नसांची लक्षणं आहेत. हात हलवणं, मान वळवणं आपल्या ताब्यात असतं. घाम आणि रंग उडणं नसतं. शिबिरात शिकवतात ती बहुतेक देहबोली आंगिकातली. हाताची घडी, पायावर पाय, हनुवटीवर बोट. ताब्यातल्या गोष्टींवरून ताब्याबाहेरचं मन ओळखायला निघालं की गडबड होते.

आणि जे ताब्यात नाही तेही कारण सांगत नाही. घाम फुटलाय एवढं दिसतं. भीतीने फुटला, साखर खाली गेली म्हणून फुटला, हृदयाचा झटका आहे, की मे महिन्यात लाइट गेलीय म्हणून फुटला, हे घाम सांगत नाही. ते विचारावं लागतं, तपासावं लागतं. माझं सगळं म्हणणं याच एका गोष्टीवर उभं आहे. अंग सांगतं की काहीतरी आहे. काय आहे, ते तोंडालाच सांगावं लागतं, आणि त्यासाठी आपल्याला नीट विचारता यावं लागतं. तुमच्या शिबिराने पहिला निम्मा भाग शिकवला आणि दुसरा वगळला, म्हणून घरी वाद झाले.

नजर चुकवण्यावरून खोटं पकडायचं तर सोडूनच द्या. चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो यांनी २००६ साली अशा शेकडो प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला. खरं-खोटं ओळखण्यात माणसं सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर ठरतात. नाणं उडवलं असतं तर ५० टक्के. अमेरिकेने २००७ पासून विमानतळांवर खास प्रशिक्षण दिलेले अधिकारी नेमले, प्रवाशांच्या हावभावांवरून संशयित हेरायला. जवळपास ९० कोटी डॉलर खर्च झाले. २०१३ मध्ये तिथल्या सरकारी लेखापरीक्षण यंत्रणेने अहवाल दिला की हावभावांवरून घातपाती ओळखता येतो याला पुरावा नाही आणि या कामावरचा पैसा आवरा. एवढी यंत्रणा, एवढं प्रशिक्षण, आणि हाती हे. जेवणाच्या टेबलावर बायको खरं बोलतेय का, हे तुम्ही तिच्या बुबुळांवरून कसं ओळखणार?

सराईत खोटं बोलणारा उलट डोळ्यांत डोळे घालून बोलतो. नजर चुकवणं म्हणजे खोटं, हे त्यालाही माहीत असतं ना! "दारू बंद केली डॉक्टर, आईशप्पथ" असं माझ्याकडे रोखून बघत सांगणारे पेशंट मी खूप पाहिलेत. आणि खरं बोलणारा साधा माणूस, आपल्यावर विश्वास ठेवत नाहीत या भीतीनेच चाचरतो, खाली बघतो, कपाळ पुसतो. पकडलं जाण्याची भीती आणि खरं असूनही कुणी न मानण्याची भीती, दोन्ही चेहऱ्यावर एकसारख्याच दिसतात.

मग खरं बाहेर कसं काढायचं? माझ्या धंद्यातली एक साधी रीत सांगतो. "गोळ्या रोज घेता ना?" असं विचारलं की शंभरातले बहुतेक "हो" म्हणतात. त्या प्रश्नात उत्तर आधीच भरून ठेवलेलं असतं, आणि "नाही" म्हणणं म्हणजे डॉक्टरसमोर गुन्हा कबूल करणं. मी विचारतो, "सगळ्यांच्याच गोळ्या अधूनमधून राहतात. तुमच्या आठवड्यातून किती वेळा राहतात?" लगेच खांदे सैल होतात. "दोन-तीनदा होतं डॉक्टर. शेतावर गेलो की राहूनच जाते." देहबोली वाचण्यापेक्षा अशी जागा करून देणं जास्त कामाचं. तुमच्या हाताखालच्या मुलाला "रिपोर्ट झाला ना?" विचारून त्याचे डोळे तपासण्यापेक्षा "रिपोर्टमध्ये कुठे अडलंय?" विचारा.

नजरेचं आणखी एक. आपल्याकडे नजर मानाशी जोडलेली आहे. "वर तोंड करून बोलतोस?" हे आपण ऐकत मोठे झालो. वडीलधाऱ्यांसमोर, शिक्षकांसमोर, साहेबांसमोर मान खाली ठेवणं हा संस्कार होता, खेड्यात अजूनही आहे. तोच मुलगा पुण्यात इंटरव्ह्यूला जातो आणि समोरचे लिहितात, 'आत्मविश्वासाचा अभाव'. त्याने खाली बघितलं ते अदबीने. तुम्ही पॅनलवर बसत असाल तर हे लक्षात असू द्या. आणि तुमच्या भाच्या-पुतण्यांना इंटरव्ह्यूसाठी तयार करत असाल तर 'टक लावून बघ' असं शिकवू नका. प्रश्न विचारणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं, विचार करताना नजर हलली तर हलू द्यायची, उत्तर संपवताना पुन्हा त्याच्याकडे बघायचं. एवढं पुरतं. मुलाखतीआधी हात पसरून दोन मिनिटं उभं राहिलं की हार्मोन बदलतात, असंही सांगत असतील. तो दावा २०१० चा. २०१५ साली जास्त माणसं घेऊन तोच प्रयोग केला तर हार्मोनमध्ये फरक आढळला नाही, आणि मूळ संशोधकांपैकी डेना कार्नी यांनीच २०१६ मध्ये आपला त्यावर विश्वास राहिला नसल्याचं जाहीर केलं. उभं राहून बरं वाटत असेल तर राहा, पैसे देऊन शिकू नका.

मान हलवण्याची गंमत वेगळीच. आपली मान उजवी-डावीकडे डोलते तेव्हा 'हो', 'बरं', 'ऐकतोय', 'बघू' आणि 'तुम्ही एवढं म्हणताय तर' यांपैकी काहीही असू शकतं. इंग्लंडमध्ये नोकरीला गेलेले आपले डॉक्टर सांगतात की तिथल्या नर्सना सुरुवातीला कळतच नाही, डॉक्टरांनी हो म्हटलं की नाही. बल्गेरियात तर होकाराला मान आडवी हलवतात. आपल्याकडे 'च्क' करून हनुवटी किंचित वर उचलली की नकार, आणि तो इतका लहान असतो की कागदावर लिहीत असलेल्या डॉक्टरच्या नजरेतून सहज सुटतो.

माझ्या खोलीत सगळ्यात महागात पडणारी खूण कुठली असेल तर ती 'हो' म्हणून हललेली मान. पेशंट सगळं ऐकताना मान डोलावतो, "हो हो" म्हणतो, आणि घरी जाऊन इन्सुलिन फ्रीझरमध्ये ठेवतो. म्हणून मी मानेवर विसंबत नाही. "घरी गेल्यावर सुनेला काय सांगाल, कुठली गोळी कधी?" असं त्यांच्याच तोंडून वदवून घेतो. ऑफिसातही हेच करून बघा. मीटिंग संपताना सगळ्यांनी माना डोलावल्या म्हणजे ठरलं असं नसतं. "मग सोमवारपर्यंत कोण काय करणार?" एवढं विचारलं की कळतं किती जण नुसतेच डोलत होते.

कोण कुणासमोर बोलतंय याचाही मोठा फरक पडतो. माझ्याकडे नेहमी दिसणारं एक चित्र सांगतो. सासू-सून आत येतात. थकवा येतोय, चक्कर येते अशी तक्रार सुनेची, पण खुर्चीत सासू बसते आणि सून भिंतीपाशी उभी. मी सुनेला विचारतो, "जेवण जातं का?" ती माझ्याकडे बघत नाही, आधी सासूकडे बघते. सासू म्हणते, "जातंय की. दोन वेळा जेवती." सून मान हलवते. पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळते आणि सोडते. आता या बोटावरून 'घरी छळ आहे' असा निष्कर्ष काढणारा डॉक्टर जसा धोकादायक, तसाच हे न बघणाराही. मी म्हणतो, "आजी, तपासायचंय, तुम्ही जरा बाहेर बसा." नर्स थांबते. पडदा ओढला की सून बोलायला लागते, आणि ती काय बोलेल याचा अंदाज आधी कधीच बांधता येत नाही. एकदा पाळी पंधरा पंधरा दिवस थांबत नाही हे निघतं. एकदा दिवस गेलेत आणि एवढ्यात कुणाला सांगायचं नाही हे निघतं. एकदा तिला स्वतःचं काही नसतं, सासूबाईच रात्री उठून रडतात आणि ते त्यांच्यासमोर कसं सांगायचं हा प्रश्न असतो. तीच नजर, तोच पदर.

असंच दाराशी होतं. तपासणी झाली, चिठ्ठी हातात पडली, पेशंट उठला, दाराशी पोचला, कडीवर हात ठेवला आणि वळून म्हणाला, "डॉक्टर, आणखी एक विचारायचं होतं..." जगभरच्या डॉक्टरांना हा क्षण माहीत आहे. खरं दुखणं बरेचदा इथे असतं. लैंगिक तक्रार, मुलाचं व्यसन, स्तनातली गाठ. मी तेव्हा "बोला ना" म्हणत पुढच्या पेशंटचा केसपेपर उचलला, तर "काही नाही, पुढच्या वेळी" असं म्हणून माणूस निघून जातो. पेन खाली ठेवून "बसा" म्हटलं तर परत येऊन बसतो. तुमच्या घरीही असे क्षण असतात: बायको भांडी आवरता आवरता थांबते, मुलगा उगाचच खोलीच्या दारात उभा राहतो.

हे जमायला लागलं की लक्षात येतं, समोरच्याचं अंग वाचण्यापेक्षा आपलं अंग सांभाळणं जास्त उपयोगाचं. ते तरी आपल्या हातात असतं. १९८४ सालचा बेकमन आणि फ्रँकेल यांचा एक गाजलेला अभ्यास आहे. पेशंट तक्रार सांगायला लागल्यापासून डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत त्याला तोडतात, असं त्यात आढळलं. बऱ्याचदा तोंडानेही तोडावं लागत नाही. नजर स्क्रीनवर गेली, पेन उचललं, घड्याळाकडे बघितलं की पेशंट आपोआप गप्प होतो. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्ससच्या रुग्णालयात मणक्याच्या ऑपरेशननंतरच्या पेशंटवर एक छोटा प्रयोग झाला. डॉक्टर काही पेशंटशी उभ्याने बोलले, काहींशी कॉटजवळ बसून. बसले तिथे पेशंटना वाटलं की डॉक्टरांनी कितीतरी जास्त वेळ दिला. प्रत्यक्षात वेळ फारसा वेगळा नव्हता, बसलेल्या भेटी थोड्या कमीच वेळाच्या होत्या. राउंडला स्टूल ओढून घ्यायला काय लागतं? तरी किती जण घेतात बघा.

आवाजाचंही तेच. नलिनी अंबाडी आणि सहकाऱ्यांनी २००२ साली सर्जनच्या बोलण्याचे दहा-दहा सेकंदांचे तुकडे घेतले, शब्द कळणार नाहीत असे गाळले, आणि नुसता सूर लोकांना ऐकवला. ज्यांचा सूर अधिकार गाजवणारा वाटला त्यांच्यावर पूर्वी निष्काळजीपणाचे दावे झालेले असण्याचं प्रमाण जास्त निघालं. दावे सुरामुळे झाले असं यावरून सिद्ध होत नाही. पण सर्जन मंडळींनी ऐकून ठेवावं.

आणि आपल्याकडची खास तक्रार: "डॉक्टरांनी हात लावून बघितलंच नाही. नुसतं लिहून दिलं." रिपोर्ट कितीही स्पष्ट असो, नाडीवर बोटं ठेवली नाहीत, छातीला स्टेथोस्कोप लावला नाही, तर पेशंटच्या लेखी तपासणी झालेली नसते. नवीन डॉक्टर याला अडाणीपणा म्हणतात. मला तसं वाटत नाही. हात लावणं म्हणजे 'तुझ्या दुखण्याकडे माझं लक्ष आहे' हे एका सेकंदात सांगणं. मार्च २०२० मध्ये सरकारने टेलिमेडिसिनची नियमावली काढली आणि आम्ही मोबाइलवर पेशंट बघायला लागलो, तेव्हा या एका सेकंदाची किंमत कळली. व्हिडिओवर तो भरून काढायला दुप्पट बोलावं लागायचं. तोंडावर मास्क, वर पडदा गोठलेला, आणि आजीबाई कॅमेरा छताकडे धरून बसलेल्या.

आता तुमच्या घरचं. बायको हाताची घडी घालून बसते, त्याला पाच कारणं असू शकतात: एसी, सवय, पाठदुखी, कंटाळा, राग. परक्या माणसाबाबत यातलं कुठलं ते सांगता येत नाही. घरच्या माणसाबाबत तुमच्या हाती एक फार मोठी गोष्ट असते. ते नेहमी कसे असतात, हे तुम्हाला माहीत असतं. नेहमी घडी घालून बसणारी आजही तशीच बसली तर त्यात वाचण्यासारखं काही नाही. नेहमी बडबड करणारी आज ताटावर मान घालून जेवली तर आहे. बदल बघा, खूण बघू नका. बदल दिसला तरी त्याचा अर्थ तिच्या गळ्यात मारू नका. "तू घडी घातलीस, म्हणजे तुला राग आलाय" हे वाक्य ऐकून राग नसलेल्यालाही येईल. त्यापेक्षा "आज गप्प आहेस. दमलीस, की माझं काही चुकलं?" असं विचारा. आणि उत्तर "काही नाही" आलं तर ते त्या वेळेपुरतं मान्य करा. उलटतपासणी घेऊ नका. समोरासमोर बसवून बोलतं करण्यापेक्षा शेजारी शेजारी काम करताना माणसं जास्त बोलतात. शेंगा सोलताना, गाडीवरून जाताना, गच्चीवर कपडे वाळत घालताना. तोंडाकडे कुणी बघत नाही, म्हणून तोंड उघडतं. वयात आलेल्या मुलांच्या बाबतीत तर मी पालकांना हेच सांगतो.

वडिलांबद्दल. तुमच्या पत्रातला हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. चेहरा हळूहळू कोरा होत जाणं, पापण्या कमी लवणं, रागावल्यासारखं दिसणं, हे रागाशिवायही होतं. पार्किन्सन आजारात चेहऱ्याचे स्नायू मंदावतात. आतून माणूस हसतो, पण ते हसू चेहऱ्यापर्यंत पोचत नाही. घरच्यांना वाटतं यांना कशातच रस उरला नाही, मग तेही कमी बोलायला लागतात. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या आजाराचं वर्णन केलं ते थरथरीवरून. पण बऱ्याच पेशंटमध्ये सुरुवातीला थरथर नसतेच, म्हणून निदान राहून जातं.

पुढचे काही दिवस त्यांच्या मनात काय आहे याचा शोध घेऊ नका, हालचाली बघा. चालताना एक हात कमी हलतो का? शर्टाची बटणं लावायला, ताटातला भात कालवायला वेळ लागतो का? अंथरुणात कूस बदलताना त्रास होतो का? आवाज बारीक झालाय का, फोनवरचे लोक "मोठ्याने बोला" म्हणतात का? उदबत्तीचा, फोडणीचा वास येतो का त्यांना? बद्धकोष्ठता आहे का? झोपेत हातपाय झाडतात का? एक खांदा आखडलाय म्हणून मलम चोळणं चालू आहे का?

यातलं काहीच नसेल तरी दाखवाच, कारण कोऱ्या चेहऱ्याची इतरही कारणं असतात. नैराश्यात असं होतं. पहाटे लवकर जाग येणं, भूक मंदावणं, आवडीच्या गोष्टी सुटणं याकडे बघा. थायरॉइड कमी झाल्यावरही चेहरा सुजट आणि मख्ख दिसतो, ते एका रक्ततपासणीत कळतं. ऐकू कमी येत असेल तर माणूस विनोदाला हसत नाही, कारण विनोद त्याच्यापर्यंत पोचलेलाच नसतो. आणि औषधं. आपल्याकडे चक्करसाठी सिनारिझिन, मळमळीसाठी मेटोक्लोप्रमाइड, ॲसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये मिसळलेलं लेव्होसल्पिराइड ही औषधं लोक महिनोन्‌महिने घेत राहतात. यांनी हुबेहूब पार्किन्सनसारखी लक्षणं येऊ शकतात आणि वेळेत लक्षात आलं तर बहुतेकांची ओसरतात. औषधाच्या दुकानातून जुनी चिठ्ठी दाखवून आणलेल्या पट्ट्यांमध्ये हे हटकून सापडतं. मात्र स्वतःच्या मनाने काही बंद करू नका.

एक वेगळी गोष्ट: चेहऱ्याची एकच बाजू अचानक लोंबली, बोलणं अडखळलं, एक हात उचलला जात नाही, असं झालं तर ती देहबोली नव्हे, तो पक्षाघात असू शकतो. तेव्हा वाट बघायची नाही. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, म्हणून सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयात थेट जायचं.

वडिलांना "तुमचा चेहरा बघून काळजी वाटते" असं सांगून नेऊ नका, ते येणार नाहीत. "शुगर-बीपी करून घेऊ" म्हणा. आधी फिजिशियन, त्यांना शंका आली तर न्यूरॉलॉजिस्ट. जाताना घरातल्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या एका पिशवीत भरून न्या, ॲसिडिटीच्यासुद्धा. आणि त्यांच्या हातचं चार-पाच वर्षांपूर्वीचं काही लिखाण सोबत ठेवा: हिशेबाची वही, पोस्टाचा फॉर्म, काहीही. आत्ता त्यांना तेच पुन्हा लिहायला लावा. पार्किन्सनमध्ये अक्षर ओळीच्या शेवटाकडे बारीक होत जातं. सही जुळत नाही म्हणून मधल्या काळात बँकेतून एखादा चेक परत आला असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा.